क्लायमेट टेकमधला गुंतवणूकदार कसं व्हायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, साखर कारखान्यातले केमिस्ट, बँकेच्या कर्जविभागात कंटाळलेले अधिकारी आणि अधूनमधून एखाद्या मुलीचे काळजीत पडलेले वडील, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी क्लायमेट टेकमध्ये, म्हणजे हवामानबदल रोखायला मदत करणाऱ्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत, पैसे घालणाऱ्या एका छोट्या फंडात काम करतो, त्यामुळे मतं माझी आहेत आणि ती सगळ्यांना पटतील असं नाही.

हे काम म्हणजे नेमकं काय? शेअर बाजारात सोलर कंपन्यांचे शेअर घेतात, तेच का?

ते नव्हे. शेअर बाजारात आलेली कंपनी आमच्या टप्प्याच्या फार पुढे गेलेली असते. आम्ही पैसे घालतो तेव्हा कंपनीत दहा-बारा माणसं असतात, एक चालू-बंद होणारं यंत्र असतं आणि दोन-चार ग्राहक असतात. त्यातला एखादा संस्थापकाचा मामाही निघतो.

आणि पैसे आमचे नसतात. विमा कंपन्या, बँका, उद्योजक घराणी, परदेशी विकास संस्था हे लोक फंडात पैसे टाकतात. त्यांना आमच्या भाषेत एलपी म्हणतात. सरकारचाही पैसा येतो: स्टार्टअपसाठीचा १०,००० कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’ २०१६ साली सुरू झाला, तो सिडबी ही लघुउद्योगांसाठीची सरकारी बँक चालवते आणि तो थेट कंपन्यांना न देता आमच्यासारख्या फंडांमार्फत जातो. फंड सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमावलीखाली नोंदवलेला असतो. एका गुंतवणूकदाराने साधारणपणे किमान एक कोटी रुपये टाकायचे असतात आणि योजना किमान २० कोटींची असावी लागते. हा पैसा आठ-दहा वर्षांत वाढवून परत करायचा.

म्हणजे काम दोन बाजूंचं आहे. कंपन्या निवडणं ही एक बाजू. लोकांकडून पैसा उभा करणं आणि तो वेळेत परत करणं ही दुसरी. नव्या मुलांना पहिलीच दिसते, पण फंड चालवणाऱ्या पार्टनर मंडळींच्या केसांना रंग लावायची वेळ दुसरीमुळे येते.

‘क्लायमेट टेक’ मध्ये काय काय मोडतं?

सौर आणि वारा सगळ्यांना सुचतं, पण तिथे आता तंत्रज्ञानाची जोखीम फारशी उरलेली नाही. राष्ट्रीय सौर मिशनच्या २०१० च्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली १०.९५ रुपये युनिट होती. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात ती १.९९ रुपयांवर आली. अशा प्रकल्पांना बँका आणि पायाभूत सुविधांचे मोठे फंड पैसे देतात. ब्रिटिश सरकार आणि आपला एनआयआयएफ (केंद्र सरकारच्या पुढाकाराचा पायाभूत सुविधा निधी) यांनी प्रत्येकी १२ कोटी पौंड घालून उभा केलेला ग्रीन ग्रोथ इक्विटी फंड हा त्या जातीचा. तिथे नोकरी करणं म्हणजे प्रकल्प-वित्ताचं काम. तेही उत्तम आहे, पण वेगळं आहे.

आमच्याकडे येतात ते बॅटरीवाले, विजेच्या गाड्यांचे सुटे भाग करणारे, शेतमालाची नासाडी थांबवणारे, सिमेंट-पोलादातला कार्बन कमी करणारे, शेणापासून आणि काडीकचऱ्यापासून गॅस करणारे. आणि काही असे, की जे स्वतःला क्लायमेट टेक म्हणवतच नाहीत. अ‍ॅटमबर्ग घ्या. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २०१२ मध्ये काढलेली पंख्यांची कंपनी. साधा पंखा ७५ वॅट खातो, त्यांचा बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या मोटरचा) पंखा २८ वॅट. गिऱ्हाईक तो पंखा पृथ्वी वाचवायला घेत नाही, बिल कमी येतं आणि रिमोट मिळतो म्हणून घेतं. मला अशा कंपन्या सगळ्यांत जास्त आवडतात.

गुंतवणूकदार दिवसभर करतात काय?

प्रेझेंटेशन वाचतात आणि बहुतेकांना नम्रपणे नाही म्हणतात. हे वेळेचं मोठं खातं. त्याखालोखाल पैसे घातलेल्या कंपन्यांची निस्तरानिस्तर: कुणाचा सीएफओ (वित्तप्रमुख) सोडून गेला, कुणाचं कंटेनर न्हावाशेवाला अडकलं, कुणाला भांडवल उभारणीच्या पुढच्या फेरीसाठी नवा गुंतवणूकदार हवा.

उरलेल्या वेळात पडताळणी, म्हणजे ड्यू डिलिजन्स. आणि या धंद्यात ती पायाने करायची असते. जेनसोल इंजिनिअरिंगचं प्रकरण आठवत असेल. सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या हंगामी आदेशात एक परिच्छेद आहे, तो मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंटर्नला वाचायला लावतो. कंपनीचा चाकणला विजेच्या मोटारी बनवण्याचा कारखाना होता. ९ एप्रिलला राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी तिथे गेला. उत्पादन काही चालू नव्हतं आणि दोन-तीन मजूर होते. त्याने महावितरणची बिलं मागितली. आधीच्या बारा महिन्यांतलं सर्वांत मोठं बिल डिसेंबर २०२४ चं, १,५७,०३७ रुपयांचं. मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचं बिल एवढंच! त्याच कंपनीने जानेवारीत ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी असल्याचं बाजाराला कळवलं होतं. तपासलं तेव्हा ते नऊ संस्थांबरोबरचे २९,००० गाड्यांचे सामंजस्य करार निघाले, ज्यांत ना किंमत होती ना तारीख.

एक माणूस, एक फेरी आणि बिलाची मागणी, एवढ्यावर ते उघडं पडलं. एक्सेलमध्ये कितीही सुंदर मॉडेल करा, वीजबिल, जीएसटीची विवरणपत्रं, पीएफची चलनं आणि गेटवरचं रजिस्टर या चार गोष्टी मॉडेलच्या आधी बघायच्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत किती डबे उघडतात तेही बघावं. उत्पादन चालू आहे की नाही ते त्यावरून बरंच कळतं.

शिक्षण कोणतं लागतं? एमबीए केल्याशिवाय घेतात का?

घेतात. केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, मटेरियल सायन्स यांतली पदवी असेल तर चांगलं. सीए असाल तरी चांगलं. दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतं, म्हणून फंडात एक-दोन तंत्राचे आणि एक-दोन हिशेबाचे असे ठेवतात. एमबीएचा फायदा ओळखीपाळखीसाठी आणि पहिल्या मुलाखतीच्या दारापर्यंत पोचायला. त्यापुढे कोणी डिग्री विचारत नाही.

पीएचडीवाल्यांना आता पूर्वीपेक्षा जास्त मागणी आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधन-विकासासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिल्यापासून प्रयोगशाळेतून बाहेर येणाऱ्या कंपन्यांकडे फंडांचं लक्ष वाढलं आहे. इलेक्ट्रोलायझरचा (पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचा) कागद वाचून ‘हे होईल’ आणि ‘हे होणार नाही’ असं सांगू शकणारा माणूस मग हवाच.

कॉलेजातून थेट फंडात जावं का?

जाता येतं. जाऊ नये असं माझं मत.

बाविसाव्या वर्षी फंडात बसलेला मुलगा चार वर्षांत उत्तम स्लाइड करायला शिकतो, पन्नास संस्थापकांशी फोनवर बोलतो आणि त्याला वाटायला लागतं की आपल्याला उद्योग कळतो. समोर अशा बाई बसलेल्या असतात ज्यांनी वीस वर्षं बॉयलर विकले आहेत, आणि हा त्यांना ‘गो-टु-मार्केट’, म्हणजे माल बाजारात कसा न्यायचा ते, समजावतो. ते दृश्य बघवत नाही.

आधी चार-पाच वर्षं कुठेतरी प्रत्यक्ष काम करा. वीज वितरणात, बॅटरी पॅक जोडणाऱ्या कंपनीत, प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँकेत, स्टार्टअपमध्ये. नवीकरणीय ऊर्जेला कर्ज देणारी सरकारी संस्था इरेडा १९८७ पासून आहे. तिथे किंवा तशा ठिकाणी कर्जाच्या फायली हाताळलेल्या माणसाला कुठला प्रकल्प का बुडतो ते तोंडपाठ असतं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या ठिकाणी विजेचे दर, अनुदानं आणि कृषिपंप यांच्या आकडेवारीत काही वर्षं काढलेली मुलं-मुली मला कुठल्याही चकचकीत पदवीपेक्षा मोलाची वाटतात.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. माझा अनुभव या क्षेत्रात धरतात का?

धरतात, आणि तुमची किंमत तुम्हाला माहीत नसते हीच अडचण आहे.

७ डिसेंबर २०२३ आठवा. पाऊस कमी, महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस कमी, साखरेचे भाव चढणार अशी धास्ती. केंद्राने ऐन गाळप हंगामात उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी (बरीच साखर उरलेली मळी) वापरायची सवलत दिली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या वर्षासाठी बंधनं उठवली. ज्यांनी नुकतंच कर्ज काढून आसवनीची क्षमता वाढवली होती, त्यांचा हंगाम मधल्या काळात कसा गेला ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिल्ली-बेंगळुरूच्या फंडांत बसलेल्यांनी याची फक्त बातमी वाचली. ज्या धंद्याचा कच्चा माल पावसावर, भाव सरकारवर आणि ग्राहक तीन तेल कंपन्यांवर अवलंबून आहे, त्याचं मूल्य कसं लावायचं हे तुम्हाला आतून कळतं. ते ज्ञान जैवइंधन, सीबीजी (दाबाखाली भरलेला बायोगॅस), बगॅसपासूनची वीज, सगळीकडे लागू पडतं. फक्त ते फंडाच्या भाषेत मांडायला शिका: भांडवल किती, परतफेडीला किती वर्षं, कुठला एक आकडा बदलला की सगळं कोसळतं.

सरकारी धोरण एवढं महत्त्वाचं आहे का? चांगलं तंत्रज्ञान स्वतःच्या पायावर उभं राहत नाही?

राहतं, पण उभं राहीपर्यंत टेकू कोणाचा आणि तो कधी काढणार हे माहीत हवं. विजेच्या दुचाकींचं केंद्राच्या फेम-२ योजनेतलं अनुदान १ जून २०२३ पासून प्रतिकिलोवॉट-तास १५,००० वरून १०,००० रुपयांवर आणलं आणि कारखान्यातल्या किमतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा १५ टक्क्यांवर. एका महिन्यात सगळ्या दुचाकी कंपन्यांचं गणित बदललं. टिकल्या त्या अशा, ज्यांची बॅटरी त्याच काळात स्वस्त होत होती. ब्लूमबर्गच्या सर्वेक्षणाप्रमाणे २०२४ मध्ये बॅटरी पॅकची सरासरी किंमत प्रतिकिलोवॉट-तास ११५ डॉलरवर आली. २०१० मध्ये ती हजारावर होती.

म्हणून मी प्रत्येक संस्थापकाला विचारतो, ‘अनुदान उद्या गेलं तर तुमचा माल किती वर्षांनी परवडेल?’ ‘अनुदान जाणारच नाही’ हे उत्तर आलं की वही मिटायची.

पहिल्या लाटेत सगळ्यांचे पैसे बुडाले असं ऐकलं. खरं का?

सगळे पैसे नाहीत, पण निम्म्याहून जास्त. एमआयटीच्या ऊर्जा अभ्यासगटाने २०१६ साली हिशेब मांडला: २००६ ते २०११ या काळात अमेरिकी व्हेंचर फंडांनी स्वच्छ ऊर्जेच्या स्टार्टअपमध्ये २,५०० कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि त्यातले अर्ध्याहून अधिक गमावले.

या क्षेत्रात येणाऱ्याने हा इतिहास पाठ करावा, कारण प्रत्येक चूक पुन्हा नव्या नावाने समोर येते. सोलिंड्रा ही कॅलिफोर्नियातली कंपनी सिलिकॉन न वापरता नळीच्या आकाराचे सौर पॅनेल करत होती. सिलिकॉन महाग होतं तोवर कल्पना हुशार होती. सिलिकॉन गडगडलं, चिनी पॅनेल स्वस्त झाले, आणि अमेरिकी सरकारच्या ५३ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जहमीसकट कंपनी सप्टेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. तंत्र चालत होतं, पण शेजारच्या तंत्राचा भाव पडला.

किऑरचं उलट. लाकडाच्या भुश्श्यापासून खनिज तेलासारखं तेल करायचं होतं. प्रयोगशाळेत जमलं, मिसिसिपीतल्या कोलंबसच्या मोठ्या कारखान्यात जमलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरी. तिच्यामागे विनोद खोसला होते, म्हणजे या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. लहान भांड्यात होणारी गोष्ट मोठ्या भांड्यात तशीच होईल असं धरून चालणं, ही रसायनाच्या धंद्यातली सर्वांत महाग समजूत आहे. आपल्याकडच्या कुठल्याही एमआयडीसीतला प्रॉडक्शन मॅनेजर तुम्हाला हे फुकटात सांगेल.

तिसरी गोष्ट मुदतीची. दहा वर्षांच्या फंडात पंधरा वर्षांची कंपनी बसत नाही. बिल गेट्स वगैरेंनी २०१६ मध्ये जाहीर केलेला ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्स हा फंड वीस वर्षांच्या मुदतीने काढला तो यासाठीच. आपल्याकडे अजून बहुतेक फंड जुन्याच मापाचे आहेत. एथर एनर्जी बघा. आयआयटी मद्रासच्या दोघांनी २०१३ मध्ये सुरू केली, पहिली स्कूटर बाजारात २०१८ मध्ये आली आणि कंपनी शेअर बाजारात मे २०२५ मध्ये. बारा वर्षं, आणि ही यशाची गोष्ट!

प्रत्यक्षात लोक कुठल्या वाटेने आले?

एकही वाट दुसरीसारखी नाही. खोसला पुण्यात जन्मले, दिल्ली आयआयटीतून इलेक्ट्रिकल केलं, अमेरिकेत १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांत होते, मग क्लायनर पर्किन्स या व्हेंचर फंडात गेले आणि २००४ मध्ये स्वतःचा फंड काढला. म्हणजे आधी उद्योजक, नंतर गुंतवणूकदार.

मुंबईच्या अवाना कॅपिटलच्या अंजली बन्सल यांची वाट निराळी: स्पेन्सर स्टुअर्टमध्ये वरिष्ठ पदांसाठी माणसं शोधण्याचं काम, टीपीजीत खासगी गुंतवणूक, देना बँकेचं अध्यक्षपद, आणि मग हवामानावरचा फंड. शेतीतंत्रज्ञानात पैसे घालणाऱ्या ऑम्निव्होरचे मार्क कान त्याआधी गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटमध्ये होते, म्हणजे पशुखाद्य आणि पामतेलाच्या धंद्यात. आविष्कारचे विनीत राय वनव्यवस्थापन शिकले आणि अहमदाबादेत तळागाळातल्या संशोधकांची यंत्रं बाजारात नेण्याचं काम करत होते. २००१ मध्ये त्यांनी फंड उभा केला तेव्हा ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता.

यांतल्या कुणीही पदवीनंतर लगेच फंडात अर्ज केलेला नाही, एवढंच मी नोंदवून ठेवतो.

पगार किती मिळतो?

आकडा फंडागणिक बदलतो, त्यामुळे हिशेब समजून घ्या. समजा फंड ३०० कोटींचा आहे. वर्षाला दोन टक्के व्यवस्थापन फी धरली तर सहा कोटी. त्यात ऑफिस, वकील, ऑडिट, प्रवास आणि सगळ्यांचे पगार. मग माणसं किती ठेवणार? आठ-दहा. नोकऱ्या कमी का असतात याचं उत्तर इथेच आहे.

खरी कमाई कॅरीतून. नफ्याचा साधारण २० टक्के हिस्सा फंड चालवणाऱ्यांना मिळतो, तोही एलपींना त्यांचं मुद्दल आणि ठरलेला किमान परतावा दिल्यानंतर. ३०० चे ९०० कोटी झाले तर नफा ६०० आणि कॅरी १२०. ऐकायला गोड आहे. पण तो पैसा येतो आठव्या, दहाव्या, कधी बाराव्या वर्षी. त्याचा मोठा वाटा पार्टनरांचा. आणि तुम्ही मध्येच सोडून गेलात तर करारातल्या ‘व्हेस्टिंग’च्या, म्हणजे हिस्सा किती वर्षांनी तुमच्या नावावर होतो त्याच्या, कलमावर सगळं अवलंबून. आणि बरेच फंड तिप्पट करत नाहीत. नोकरी घेताना पगाराइतकंच बारकाईने ते कलम वाचा. गुंतवणूक बँकेतल्या मित्राशी पगाराची तुलना करायची असेल तर हा धंदा तुमचा नाही.

आमची मुलगी बी.टेक. झाली. चांगली नोकरी सोडून ‘क्लायमेट फंडात जाते’ म्हणते. आम्ही काय सांगावं?

काका, तिला दोन गोष्टी विचारायला सांगा. फंडाचे पैसे जमा झालेत की अजून जमवताहेत? जमवत असतील तर वर्षभर पगाराची हमी कशातून? आणि दुसरं, पार्टनर एकमेकांबरोबर किती वर्षं काम करताहेत? पहिल्याच फंडात पार्टनरांचं फाटलं तर खालच्यांचे हाल होतात. या दोन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर जाऊ द्या. चार वर्षांनी फंड नाही आवडला तरी मोठ्या कंपन्यांचे नवउद्योग विभाग आणि स्टार्टअपचे सीएफओ-स्ट्रॅटेजी विभाग अशी माणसं शोधतच असतात.

कुठली परीक्षा किंवा प्रमाणपत्र सक्तीचं आहे?

तुम्हाला एकट्याला नाही. पण सेबीच्या नियमाप्रमाणे फंडाच्या मुख्य गुंतवणूक चमूतल्या किमान एकाने एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची एआयएफ व्यवस्थापकांसाठीची परीक्षा उत्तीर्ण केलेली असावी लागते. ही संस्था आपल्या रायगडातच, पाताळगंगेला आहे. परीक्षा आधीच देऊन ठेवली तर नवीन फंडाला तुमचा अर्ज बरा वाटतो. बाकी ‘सस्टेनेबल फायनान्स’ची महागडी ऑनलाइन प्रमाणपत्रं मी तरी कधी मोजलेली नाहीत.

इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

लिहिताना अडेल. टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा कागद), भागधारक करार, एलपींचे तिमाही अहवाल, सगळं इंग्रजीत. तेवढं सुधारावंच लागेल. पण नारायणगावच्या टोमॅटोवाल्याशी किंवा भोसरीच्या फाउंड्रीवाल्याशी मराठीत बोलता येणं हे फंडात भांडवलच आहे. त्यांना ‘यूजर इंटरव्ह्यू’ म्हटलं की ते गप्प बसतात. चहा घेत ‘दादा, हे यंत्र खरंच वापरता का, की सबसिडीत मिळालं म्हणून ठेवलंय?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

मुलाखतीत काय विचारतात?

आमच्याकडचा एक प्रश्न सांगतो, आकडे काल्पनिक आहेत. पाच टनांची सौर शीतखोली, किंमत १५ लाख. शेतकरी गट किलोला दिवसाला एक रुपया भाडं द्यायला तयार आहे. परवडेल का?

बहुतेक जण लगेच गुणाकार करतात: खोली भरली तर दिवसाला ५,००० रुपये, वर्षाला १८ लाख, एका वर्षात पैसे वसूल! अशांना आम्ही चहा पाजून पाठवतो.

पुढचा उमेदवार कर्ज धरतो. दहा टक्क्यांनी, पाच वर्षांत फेडायचं, म्हणजे वर्षाला जवळपास ३.८ लाख. खोली वर्षात ७६-७७ दिवस पूर्ण भरली तर हप्ता निघतो. हे ठीक.

आम्हाला हवा असलेला उमेदवार विचारतो, ‘पीक कुठलं?’ द्राक्षवाल्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आणि त्यातही खोली रोज भरत नाही. ६० दिवस ६० टक्के भरली तर हाती १.८ लाख, हप्त्याच्या निम्मेही नाहीत. तीच खोली वर्षभर भाजी पाठवणाऱ्या गटाकडे २५० दिवस अर्धी भरली तरी सव्वासहा लाख. यंत्र तेच, किंमत तीच, एकाकडे बुडीत आणि एकाकडे उत्तम. त्यापुढे तो विचारेल की माल ठेवून भाव खरंच वाढतो का, कॉम्प्रेसर बिघडला तर गावात कोण येतं, आणि भाडं वसूल कोण करतं. पुण्याच्या इकोझेनसारख्या कंपन्या सौर शीतखोल्यांच्या या प्रश्नांशी २०१० च्या दशकापासून झगडत आल्या आहेत, तेव्हा विषय पुस्तकी नाही.

खरंच पर्यावरणाचं भलं होतं, की नुसता हिरवा मुलामा?

दोन्ही होतं. किती भलं झालं ते मोजता येतं, मोजायची लाज वाटू नये. वरचाच पंखा घ्या. ४७ वॅटची बचत, रोज बारा तास, वर्षात ३०० दिवस: साधारण १७० युनिट. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला पंख्यामागे १२० किलो. हे गणित कागदाच्या पाठीवर करता येतं आणि तपासताही येतं.

ज्या कंपनीचं असं गणित तीन ओळींत मांडता येत नाही, जिथे ‘इकोसिस्टिमवर परिणाम’, ‘जाणीवजागृती’ असे शब्द येतात, तिथे मी सावध होतो. ग्रीन क्लायमेट फंडासारख्या संस्थांचा पैसा घेतला की हा हिशेब नियमित द्यावा लागतो. कनिष्ठ पदावर तो तयार करण्याचं काम तुमच्याच गळ्यात पडेल. कंटाळवाणं आहे, पण कंपनी आतून समजून घ्यायची यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

मुंबईतच राहावं लागतं का?

पैसा मुंबईत, संस्थापक बेंगळुरू, पुणे, चेन्नईत, धोरण दिल्लीत. पुण्याहून काम करणारे बरेच आहेत. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून विज्ञानाधारित कंपन्या वाढवतंय. पवईत आयआयटीचं साइन हे स्टार्टअप वाढवणारं केंद्र त्याच्याही आधीपासून आहे. ऑफिस कुठेही असो, महिन्यातले बरेच दिवस गाडीत आणि कारखान्यात जातात.

स्वतःकडे थोडे पैसे आहेत. नोकरी न करता गुंतवणूकदार होता येईल?

एआयएफमध्ये साधारणपणे एक कोटीच्या खाली शिरकाव नाही. एंजल गुंतवणुकीची, म्हणजे स्वतःचे पैसे थेट नव्या कंपनीत घालण्याची, वाट आहे, आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स (वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर दिले की कंपनीला लागणारा कर) रद्द झाल्यामुळे कंपन्यांची एक कटकट गेली. पण बॅटरी किंवा रसायनाच्या कंपनीला पुढे अनेक फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीत तुमचा हिस्सा पातळ होतो. मुलांच्या शिक्षणाचे पैसे इथे आणू नका.

आजपासून काय करू?

एक कंपनी निवडा, शक्यतो तुमच्या तालुक्यातली. तिच्यावर दोन पानं लिहा: काय विकते, कुणाला, तो ग्राहक आज त्याऐवजी काय वापरतो, आणि मी पैसे घालीन की नाही. तिच्या दोन ग्राहकांशी बोलल्याशिवाय लिहू नका. कंपनी कायद्याखाली दाखल केलेले ताळेबंद थोडी फी भरून सरकारी पोर्टलवर बघता येतात, ते बघा. अशी पाच-सहा टिपणं झाली की फंडांना पाठवा. बायोडेटा मागाहून.

विजेत रस असेल तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे आदेश वाचायला लागा. ते संकेतस्थळावर फुकट आहेत आणि स्टोरेज, सौर कृषिवाहिनी, छतावरची सौर वीज यांचं भवितव्य त्यांत ठरतं. महावितरणच्या दरयाचिकांवर जाहीर सुनावण्या होतात, नागपूर, अमरावती, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणी. कुणीही जाऊन बसू शकतं. यंत्रमागवाले, शेतकरी संघटना, पोलाद कारखानदार आपापले आकडे घेऊन आलेले असतात, आणि तिथे चहाच्या सुट्टीत भेटणारी माणसं कुठल्याही स्टार्टअप संमेलनात भेटत नाहीत.